पाकिटातला झगा

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीचे एखादे अमेरिकी पॅटर्नचे पाकीट हाती पडते. वर ‘साइझ १६’ असा ठळक आकडा असतो. आज सोळा नंबरच्या पॅटर्नवर कपडे शिवणारी एखादी हौशी स्त्री ते निर्धास्तपणे विकत घेते, महागाचे सुती कापड आणते, नमुन्याबरहुकूम ते बेतते आणि टिपा मारून झाल्यावर तिच्या लक्षात येते, की हा झगा आपल्या अंगात शिरणे शक्यच नाही. चूक तिची नसते आणि पाकिटाचीही नसते. त्या काळी ‘१६’ म्हणजे छाती ३४ इंच. आज त्याच कंपन्यांच्या ३४ इंची नमुन्यावर ‘१२’ हा आकडा असतो.

गतशतकाच्या मध्यातील स्त्रियांच्या पोशाखांचे हे कागदी नमुने आज जगभर हौसेने गोळा केले जातात आणि शिवलेही जातात. ते वाचायचे कसे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग या गावचे शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांतले तयार कागदी नमुने विकायला सुरुवात केली. त्यापूर्वी नमुने मिळत नव्हते असे नाही. पण ते बहुधा एकाच मापात असत आणि लहान-मोठे करण्याचा खटाटोप घरच्या बाईलाच करावा लागे. पुढे १८७० मध्ये जेम्स मॅकॉल, १८९९ मध्ये ‘व्होग’ मासिक आणि १९२७ मध्ये ‘सिम्प्लिसिटी’ या धंद्यात उतरले. ‘सिम्प्लिसिटी’ने नमुन्याची किंमत १५ सेंटपर्यंत खाली आणली. मंदीच्या वर्षांत तयार कपडा न परवडणाऱ्या घरांना याचा केवढा आधार झाला असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडे ही पद्धत फारशी रुजली नाही. मापाचा ब्लाउज शिंप्याकडे टाकायचा, नाही तर शिवणक्लासात बाईंनी सांगितलेल्या मापांवरून तपकिरी कागदावर ड्राफ्टिंग करायचे, हाच महाराष्ट्रातील रिवाज. त्यात आकडा म्हणजे थेट इंच. ‘छत्तीसचा ब्लाउज’ म्हटले की छाती छत्तीस, विषय संपला. पाश्चात्त्य पॅटर्नमधला आकडा मात्र कशाचेच माप नाही, केवळ एक खूण आहे. सगळा घोळ तिथेच आहे.

आकड्यांची घसरण

अमेरिकी पॅटर्न कंपन्यांच्या तक्त्यात १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत १२ नंबर म्हणजे छाती ३० इंच होती. त्यानंतर तोच नंबर ३२ इंचांचा झाला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ३४ इंचांचा. दुकानातल्या तयार कपड्यांचे आकडे त्यानंतरही ढिले होत गेले, कारण लहान नंबर अंगात बसल्याचा आनंद गिऱ्हाइकाला होतो, हे व्यापाऱ्यांनी ओळखले होते. पॅटर्नचे आकडे मात्र तिथेच थांबले. त्यामुळे आजची स्त्री दोन वेगळ्या घसरणींच्या मध्ये सापडते.

या आकड्यांना शास्त्रीय पाया देण्याचा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. मात्र ज्या काही श्वेतेतर स्त्रियांची मापे घेतली गेली, ती निष्कर्षातून वगळण्यात आली. या पाहणीच्या आधारे १९५८ मध्ये मापांचे ऐच्छिक मानक जाहीर झाले. ते १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. ‘सरासरी स्त्री’ ठरवताना कोणाला मोजायचे हेच असे आधी ठरलेले होते.

तेव्हा जुने पाकीट घेताना नंबर विसरून छातीचे इंच पाहावेत, हा पहिला नियम. दुसरी बाब कमरेची. पाकिटावरील चित्रातली कंबर चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली असली, तरी नमुन्यातली कंबरही आजच्या मानाने अरुंदच असते. तो झगा आतून घट्ट गर्डल घातलेल्या शरीरासाठी बेतलेला होता. गर्डलशिवाय तो घालायचा तर कमरेला माया वाढवून घ्यावी लागते आणि टक्सही हलवावे लागतात.

युद्ध, टंचाई आणि घेर

या काळातील नमुन्यांची खरी गंमत मात्र कापडाच्या हिशेबात आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली आणि एका लोकरी झग्याला त्यातली ११ खर्ची पडत. अमेरिकेत एप्रिल १९४२ मध्ये ‘एल-८५’ हा आदेश निघाला आणि स्कर्टचा घेर, लांबी, दुमडपट्टीची रुंदी यांवर मर्यादा आल्या. १९४२-४३ चे नमुने म्हणूनच अंगासरशी, गुडघ्याशी थांबणारे, काटकसरी दिसतात. नवऱ्याच्या जुन्या सुटातून बायकोचा सूट बेतण्याचे नमुनेही तेव्हा निघाले. नवरा युद्धावर, सूट कपाटात. तो कापायला कात्री लावताना त्या बाईच्या मनात काय आले असेल, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियन दिऑर यांनी पॅरिसमध्ये पहिला संग्रह सादर केला आणि वारेच्या वारे कापड खाणारे घेरदार स्कर्ट अवतरले. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालूच होते. ते मार्च १९४९ मध्ये उठले. त्याच वर्षी ‘व्होग’ने पॅरिसच्या नामांकित रचनाकारांचे अधिकृत नमुने विकायला काढले. सोबत झग्याच्या आत शिवायची विणलेली पट्टीही मिळे. पॅरिसला कधीही न गेलेल्या बाईच्या कपाटात असा पॅरिसचा झगा लटकू लागला.

१९५२ चा बटरिकचा ६०१५ क्रमांकाचा नमुना आजही प्रसिद्ध आहे. ‘वॉक-अवे’ असे त्याचे नाव. न्याहारी उरकून शिवायला बसा आणि दुपारच्या जेवणाला तोच घालून बाहेर पडा, अशी त्याची ख्याती. डोक्यातून घालायचा, पुढचा भाग मागे नेऊन अडकवायचा आणि मागचा घेरदार भाग पुढे गुंडाळून कमरेशी बटणे लावायची. मागणी इतकी वाढली, की कंपनीला बाकीच्या नमुन्यांची छपाई थांबवावी लागली, असे सांगितले जाते. पुढे कंपनीने तो नव्या मापांत पुन्हा काढला. तो शिवलेल्या आजच्या स्त्रिया मात्र हसून सांगतात, की त्या लांबलचक कडेला तिरपी पट्टी लावण्यातच दुपार टळून जाते.

जुने पाकीट उघडले की आणखी एक अडचण समोर येते. अनेक नमुन्यांवर काहीच छापलेले नसते, नुसती भोके असतात. मोठी भोके उभ्या धाग्याची दिशा दाखवतात आणि लहान भोके टक्सच्या जागा. कोणते भोक कशाचे, हे सोबतच्या सूचनापत्रावरून समजते आणि नेमके तेच पुष्कळदा हरवलेले असते. कापडाचा हिशेब ३५ किंवा ३९ इंची पन्ह्याचा असतो. आजच्या ४५ इंची पन्ह्यावर तो नव्याने मांडावा लागतो. शिलाईची माया हल्ली पाऊण इंचाच्या थोडी आत, म्हणजे पाच अष्टमांश इंच धरतात. जुन्या पाकिटात ती अर्धा इंचही असू शकते.

पाकीट कोणत्या वर्षाचे, हे ओळखण्याच्याही खुणा आहेत. मॅकॉलच्या अनेक पाकिटांवर सालच छापलेले असे. टपालाने मागवलेल्या नमुन्यांवर डाकेचा शिक्का सापडतो. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर ते पाकीट १९६३ च्या आधीचे नाही.

हा कागद अतिशय पातळ असतो आणि वयोमानाने ठिसूळ होतो. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात अशा हजारो नमुन्यांचा संग्रह जपलेला आहे. जॉय स्पानाबेल एमरी या अभ्यासक त्यामागे होत्या आणि कागदी नमुन्यांच्या उद्योगाचा त्यांनी लिहिलेला इतिहास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी शिवणाऱ्यांनी मूळ तुकड्यांना कात्री लावू नये, टाचण्याही टोचू नयेत. मंद इस्त्रीने, वाफ न वापरता घड्या सपाट कराव्यात, वर ट्रेसिंग पेपर ठेवून भोकांसकट सगळ्या खुणा उतरवून घ्याव्यात आणि आधी जुन्या चादरीचा एक कच्चा झगा शिवून अंगाला लावून पाहावा. मूळ तुकडे पुन्हा त्याच घड्यांवर दुमडून पाकिटात ठेवायचे.