ओव्हल मैदान : समोरासमोर दोन वास्तुशैली

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडलं की दक्षिणेला पाच मिनिटांत ओव्हल मैदान लागतं. पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको आणि मधे क्रिकेटच्या खेळपट्ट्या. या परिसरातल्या ९४ इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेत सरकारी व सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ साली पूर्ण झाले. टॉवरचा आराखडा इंग्लंडमध्ये बसून गिल्बर्ट स्कॉट यांनी केला; पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. टोकदार कमानी युरोपातल्या, पण दगड इथला. समुद्र तेव्हा जवळच होता, म्हणून पश्चिमेचा वारा घेणारे खोल व्हरांडे आले. कारागिरांचा हात पाहायचा तर जवळ जावं. टॉवरवर पश्चिम भारतातल्या विविध समाजांच्या माणसांचे पुतळे आहेत, तर न्यायालयाच्या एका खांबावर डोळ्याला पट्टी बांधलेलं माकड तराजू धरून बसलं आहे.

पुढे बॅकबेत भराव पडला, समुद्र मागे हटला आणि मैदानाच्या पश्चिमेला घरांची रांग उभी राहिली. इथे सत्तेचा दरारा दाखवायचा नव्हता; मध्यमवर्गाला हवेशीर फ्लॅट हवे होते. आरसीसीमुळे भिंतींवरचा भार कमी झाला आणि गोलाकार गॅलऱ्या, कोपऱ्यातल्या खिडक्या शक्य झाल्या. खिडक्यांवरून पट्टीसारखे धावणारे छज्जे ऊन-पाऊस अडवतात. एम्प्रेस कोर्टसारख्या इमारतींची नावंही दर्शनी भागाच्या सजावटीचाच भाग आहेत. उत्तर टोकाला १९३८चं इरॉस चित्रपटगृह आहे. शोराबजी भेडवार यांनी त्याला आग्र्याच्या लाल दगडाचा साज चढवला.

डेको इमारती पाहायच्या तर सकाळी जावं, तेव्हा ऊन त्यांच्या दर्शनी भागावर असतं. गॉथिकसाठी दुपार कलल्यावर. पूर्वेकडचा वारसा मोठ्या संस्था सांभाळतात. पश्चिमेकडचा मात्र रहिवाशांच्या हाती आहे. एक गॅलरी काचेने बंद केली किंवा एका छज्ज्यावर एसीचा खोका बसवला, तरी अख्ख्या रांगेची लय बिघडते. दुरुस्ती काढताना जुनी जाळी, जुनी अक्षरं आणि जुना रंग जपणं ही या शहराची खरी सेवा ठरेल.