आजींची साब

मंगळवार आणि गुरुवार हे माझे डब्यांचे दिवस. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर शहर आहे, त्याला लागून आमचं गाव. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ज्येष्ठ नागरिक केंद्रातून दुपारचं जेवण पोचवलं जातं. ते पोचवणाऱ्यांत मी बरीच वर्षं आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, आणि सांगलीच्या कॉलेजात मराठी घेऊन केलेल्या बी.ए.ला इथे विचारतो कोण! मग मुंबईच्या डबेवाल्यांना मनातल्या मनात नमस्कार करून हे काम धरलं. डबा हातात द्यायला दोन मिनिटं लागतात. खरं काम पुढची वीस मिनिटं, ऐकत बसायचं.

माझ्या यादीतल्या एक आजी स्वीडिश वंशाच्या. वूस्टरला स्वीडिश लोक पुष्कळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या तारेच्या आणि धार लावायच्या चाकांच्या कारखान्यांत कामाला म्हणून ते आले आणि इथलेच झाले. आजींचे आजोबा त्यांतलेच. २०२२च्या मार्चमध्ये एका गुरुवारी आजी म्हणाल्या, "घर विकतेय. सप्टेंबरमध्ये वृद्धाश्रमात जायचं. सगळ्याची सोय लागली, फक्त गॅरेजमधल्या साबचं काय करू ते कळत नाही."

मला आधी वाटलं, साब म्हणजे कुणी साहेब! मग कळलं, गाडी. स्वीडनमध्ये विमानं बनवायला १९३७ साली निघालेली ही कंपनी. महायुद्धानंतर विमानांची मागणी घटली तशी मोटारी करायला लागली. आजींच्या यजमानांनी १९८५ साली नवी कोरी साब ९०० टर्बो घेतली होती. २००९ मध्ये ते गेले आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. भंगारवाला येऊन आकडा सांगून गेला होता. "पण ती साखळीला बांधून, फरफटत नेणार," आजी म्हणाल्या, "ते मला बघवणार नाही."

इथे माझ्या लेकीबद्दल सांगायला हवं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. कोविडच्या काळात शाळा घरातल्या पडद्यावर भरायची आणि पोरगी खोलीचं दार लावून घ्यायची. शाळा उघडल्या, तिचं दार काही उघडलं नाही. मी जगभरच्या बायकांची दुःखं ऐकणार, हेल्पलाइनवर धीर देणार आणि माझ्याच घरात माझ्या प्रश्नांना उत्तर मिळणार "हं". लाज वाटायची हो! समुपदेशकाकडे नेलं, तिथेही "हं".

आजींची खोकी उचलायला मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. गॅरेजमध्ये ती त्या धुळीने माखलेल्या गाडीसमोर उभी राहिली. खूप वेळ. मग म्हणाली, "ही चालू होते?"

कित्येक महिन्यांत तिने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. आजींनी एक डॉलरला गाडी तिला विकली. अट एकच, इथून जाताना ती स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली पाहिजे.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. त्याचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरसमोर गेलं, पान्याशी कधी संबंध नाही. एका गॅरेजवाल्याने येऊन पाहिलं आणि मिनिटभरात नाही म्हणून सांगितलं, "कंपनीच राहिली नाही बाई." खरंच होतं ते. साबचा मोटारींचा धंदा २०११च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत निघाला. पण देव कुठून मदत पाठवेल सांगता येत नाही. माझ्याच डब्याच्या यादीतले एक आजोबा, जन्मभर याच गाड्यांवर काम केलेले मेकॅनिक. हातात जोर राहिला नव्हता, डोळे आणि कान मात्र शाबूत. शनिवार-रविवार त्यांना मी घेऊन यायची. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून ते बसायचे, एकेक सांगायचे आणि लेक करायची. मी चहा द्यायची आणि अधूनमधून नको तिथे बोलायची.

तेरा वर्षं उभी असलेली गाडी चावी फिरवून चालू करायची नसते, हे मला तेव्हा कळलं. आधी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं आणि तीन दिवस मुरू दिलं. अगदी लोणच्यासारखं! मग पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. आधी हूं की चूं नाही, मग जरासं हललं. लेकीने माझ्याकडे पाहिलं ते डोळे मी विसरणार नाही. टाकीतल्या पेट्रोलचं रोगण झालं होतं, वासाने डोकं उठलं. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं, त्यात माझ्या ओळखीच्या सोफ्याचा कापूससुद्धा निघाला. रबरी नळ्या बिस्किटासारख्या मोडायच्या. ब्रेक जाम. या मॉडेलचा हँडब्रेक पुढच्या चाकांना लागतो, त्यामुळे पुढची चाकंच अडकून बसलेली. टायरना भेगा होत्या आणि खालचा पत्रा थंडीत रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दोन जागी खाल्ला होता. सुटे भाग मात्र मिळत गेले. जगभर या गाडीवर जीव टाकणारी माणसं आहेत, काही स्वीडनहून आले, काही मोडीत निघालेल्या गाड्यांतून.

आणि तो टर्बो! टर्बो म्हणजे काय हे आजोबांनी मला दोनदा सांगितलं, तरी डोक्यात शिरेना. शेवटी कुकर आठवला. इंजिनातून धूर बाहेर पडतो तो एरवी वाया जातो. इथे त्या धुराच्या झोताने एक छोटं चक्र फिरवायचं, मिनिटाला लाखभर फेरे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. दाब फार वाढला तर एक झडप उघडते आणि जादा धूर परस्पर निघून जातो. म्हणजे आपली शिट्टीच! दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पण अमेरिकेत विकलेल्या या सोळा व्हॉल्व्हच्या गाडीला १६० अश्वशक्ती. अमेरिकन कंपनीने १९६२ सालीच टर्बोची गाडी काढून पाहिली होती, बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये. पण घरच्या, मुलाबाळांच्या, भाजी आणायच्या गाडीत तो नीट बसवला साबने, १९७८च्या ९९ टर्बोत. त्यांचे इंजिनिअर पेर गिल्ब्रांड यांनी पुढे आणखी एक युक्ती केली. इंजिनाला एक कान बसवला. हलकं पेट्रोल पडलं की इंजिन आतून ठोके देतं, ते या कानाला ऐकू येतात आणि दाब आपोआप कमी होतो. ठोका ऐकून वेळीच दाब कमी करायचा... मला जरा बोचलंच ते. घरात मी याच्या उलट करत होते की!

या ९०० टर्बोंमध्ये तीन दारांच्या गाड्या जास्त दिसतात. आजींची चार दारांची, म्हणून दुर्मीळ. कारण साधं होतं, मागे आजींची आई बसायची.

जूनच्या शेवटच्या रविवारी इंजिन लावायचं ठरलं. आधी ठिणगी न देता नुसतं फिरवत ठेवलं, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर टर्बो फिरला तर जळून जातो म्हणे. मग आजींनी स्वतः चावी लावली. या गाडीची चावी स्टिअरिंगपाशी नसते, दोन सीटांच्या मधे, गिअरजवळ असते. आणि रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय बाहेर येत नाही! पहिल्या दोन वेळा नुसती घरघर. तिसऱ्यांदा इतका निळा धूर निघाला, की शेजारचे अग्निशमन दलाला फोन करणार होते. पण चालू झाली. आजी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिल्या. आम्ही तिघं उगाच पाने गोळा करत राहिलो.

क्लच मात्र मी शिकवला बरं का! नवरा ऑटोमॅटिकच्या सवयीने सगळं विसरलेला. मी सांगलीत मारुती ८०० वर शिकलेली, चढावर हाफ क्लच धरून उभं राहणारी. त्या आठवड्यात पहिल्यांदाच लेक माझ्याकडे अशी बघत होती, की आईलाही काहीतरी येतं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आता गाडी खाली बसवायची."

"म्हणजे?"

"लोअर करायची, आई. स्प्रिंगा कापून."

माझा तोलच सुटला. मरता मरता वाचलेली गाडी, आणि आता तिचे पाय कापायचे? बर्फाच्या देशातली गाडी, इथल्या हिवाळ्यात रस्त्यांना पडणारे खड्डे, दरवर्षीची तपासणी, हे सगळं मी एका दमात बोलले. शेवटी जे बोलू नये तेही बोलले, "त्या टवाळ पोरांसारखी दिसेल." तिने काही उत्तर दिलं नाही. वर गेली. दार लागलं. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे तक्रार घेऊन गेले. ते म्हणाले, "कापायचं हे चूक. खाली आणायचं हे चूक नाही." गाडीचं वजन जमिनीजवळ आलं की वळणावर ती कमी कलते. पण उंची कमी केली की चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग जास्त कडक लागते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरही तिला साजेसे. नुसती कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लोंबलं तर निसटूही शकते.

आजींना मी हे सगळं हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. गॅरेजच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक जड खोकं होतं, सुतळीने बांधलेलं. आत चार निळ्या स्प्रिंगा, न वापरलेल्या. यजमानांनी १९८८ साली आणल्या होत्या. "मी लावू दिल्या नाहीत," आजी म्हणाल्या, "माझी कंबर दुखायची. आईला चढता-उतरता येणार नाही म्हटलं. तो पुन्हा कधी बोलला नाही त्याबद्दल. एकवीस वर्षं." मग थोड्या वेळाने, "बसवू दे तिला."

घरी येऊन मी लेकीच्या दारावर टकटक केली आणि खोकं दारात ठेवलं. माफी मागायला मला शब्द सापडले नाहीत.

पुढच्या स्प्रिंगा काढणं हे सगळ्यांत धोक्याचं काम. दाबलेल्या स्प्रिंगेत एवढी ताकद असते, की सुटली तर माणसाचा जबडा मोडेल. लोखंडी दाबणीने आवळून ती काढायची असते. डावी नीट निघाली. उजवीला दाबणी वाकडी बसली आणि आवळता आवळता घसरली. स्प्रिंग सुटून गॅरेजच्या भिंतीतून आरपार गेली. लेक एक हात बाजूला होती, कारण आजोबांनी तिला समोर उभं राहायचं नाही म्हणून दहादा बजावलं होतं. मी आठ दिवस गॅरेजला कुलूप घातलं. नवव्या दिवशी नवी, चांगली दाबणी विकत आणून मीच कुलूप काढलं. ते आठ दिवस दार लावून बसण्याऐवजी ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी भांडत होती. भांडत होती!

गाडी जेमतेम सव्वा इंच खाली आली. माझ्या डोळ्यांना फरकही कळला नसता. लेक मात्र दहा पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघत राहिली. चाकांची रेघ जुळवून घेतली, दिव्यांचा झोत पुन्हा लावला आणि तपासणीत गाडी पास झाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आजी तिच्यातूनच नव्या जागी गेल्या. मी मागे बसले, त्यांच्या आईच्या जागेवर. रस्ता वळला, लेकीने गिअर बदलून जरा जोर दिला, कुठूनतरी बारीक शिट्टी वाजली आणि पाठ सीटला टेकली. आजी म्हणाल्या, "हं, यासाठी हवं होतं त्याला." उतरताना मात्र त्यांना दोघींनी धरून उठवावं लागलं. "माझी कंबर १९८८ सालीही बरोबरच सांगत होती," हे त्यांनी दारातच जाहीर केलं.

लेक आता कॉलेजला असते. गाडी आमच्या दारात. महिन्यातून एका गुरुवारी आजींना फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं आहे, सीटवर ठेवायला जाड उशी घेऊन. परवा त्यांना सोडलं, इंजिन बंद केलं, तर चावी निघेना. ओढली, हलवली, रागावले. शेवटी लेकीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"आई," ती म्हणाली, "रिव्हर्स टाकलास का?"