लॅपटॉपची रॅम वाढवताय? पैसे देण्याआधी या पाच गोष्टी तपासा



आळेफाट्यावर हिशोबपट्टी काढणारे आडतदार असोत, ऑनलाइन फॉर्म भरणारं केंद्र असो की फोटो स्टुडिओ, तक्रार एकच: "लॅपटॉप लय स्लो झालाय." नवा घ्यायचा तर भांडवल अडकतं. रॅम वाढवून बऱ्याचदा काम भागतं. पण चुकीची रॅम बसतच नाही, आणि पाकीट फोडलेला माल दुकानदार परत घेईलच असं नाही.

१. रॅमच कमी पडतेय का?
कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. रोजचं काम चालू ठेवून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. वापर ९० टक्क्यांच्या आसपास राहत असेल तर रॅम वाढवा. मेमरी निम्मी मोकळी आणि जुनी हार्ड डिस्क मात्र १०० टक्क्यांवर असेल, तर आधी एसएसडी टाका.

२. जागा आहे का?
तिथेच किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. पण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये तर ती नंतर वाढवताच येत नाही. म्हणून मागचं कव्हर उघडून किंवा मॉडेलचं मॅन्युअल बघून खात्री करा.

३. पिढी कोणती?
लॅपटॉपला सोडिम लागते, डेस्कटॉपची लांब पट्टी नाही. डीडीआर-३ ला २०४ पिना, डीडीआर-४ ला २६०, डीडीआर-५ ला २६२. खाच वेगवेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका. जुन्या पट्टीवर डीडीआर-३एल असेल तर तीच घ्या. ती १.३५ व्होल्टवर चालते, साध्या डीडीआर-३ ला १.५ लागतात.

४. कमाल किती चालते?
कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर टाकून उपयोग नाही.

५. वेग जुळतोय का?
३२०० आणि २६६६ च्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही साधारणपणे कमी वेगाने चालतात. शक्यतो सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावा, ड्युअल चॅनलचा फायदा मिळतो.

आता हेच काम तुम्हाला धंदा म्हणून करायचं असेल तर:

- जुन्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो काढा, मगच ऑर्डर द्या.
- रॅमचे भाव वरखाली होतात. कोटेशनवर तारीख आणि मुदत लिहा, ॲडव्हान्स घ्या.
- लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची वायर सोडवा, मगच पट्टीला हात लावा.
- देण्याआधी विंडोजची मेमरी टेस्ट गिऱ्हाइकासमोर चालवा आणि जुनी पट्टी त्याला परत द्या.

आणि रॅमची गरजच नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. एक विक्री जाईल, पण आळ्यासारख्या गावात जाहिरात तोंडोतोंडीच होते. खरं सांगणाऱ्या दुकानदाराकडे माणूस पुढच्या वेळी भावाला आणि मेव्हण्यालाही घेऊन येतो.