सुई नेमकी कुठे टोचायची?

जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. ऑपरेशनला भूल नेहमीच्या इंजेक्शनचीच होती. नंतर पोट फुगून दुखू लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली अॅक्युपंक्चरच्या बारीक सुया टोचल्या. तासाभरात बरं वाटू लागलं, असं रेस्टन यांनी लिहिलं. लोकांनी मात्र त्याचं ‘सुया टोचून ऑपरेशन केलं’ असं करून टाकलं.

पारंपरिक चिनी समजुतीप्रमाणे शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा ठरलेल्या वाहिन्यांतून फिरते आणि त्यांच्यावर ३६१ बिंदू आहेत. बिंदू शोधायला माप वापरतात तेही रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीचं. इतका काटेकोरपणा! म्हणूनच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली जर्मन चाचणी गमतीची वाटते. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला शास्त्रोक्त सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तर तिसऱ्यात अवघ्या २७.४ टक्के रुग्णांना उतार पडला होता.

म्हणजे सुया उपयोगी पडल्या, पण जागेला फारसं महत्त्व उरलं नाही. टोचल्यामुळे मज्जातंतू चेतवले जाऊन एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्यं स्रवतात, हे एक स्पष्टीकरण. अर्धा तास निवांत पडणं, कुणीतरी आस्थेनं विचारपूस करणं, गुण येईल ही आशा, हे दुसरं. मला दोन्ही थोडी थोडी खरी वाटतात. कंबर धरलेल्या माणसाला तसंही कारणाशी काय देणंघेणं? पण याच आकड्यांच्या जोरावर कुणी मधुमेह ‘मुळापासून’ घालवण्याची हमी देत असेल, तर तिथून उठावं.

सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ही विद्या आणली, असा एक समज आपल्याकडे आहे. कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ती शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले.

महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचारकाची नोंदणी विचारायला संकोच नको. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावं. छातीवर खोल गेलेली सुई क्वचित फुप्फुसालाही इजा करते.