शेती अनुदाने आणि त्यांचे लाभार्थी : विदर्भातील कोरडवाहू शेतीच्या संदर्भात

प्रस्तावना :
शेतीस मिळणाऱ्या शासकीय साहाय्याची चर्चा बहुधा मंजूर रकमेभोवती फिरते. ती रक्कम कोणाच्या हाती पडली, हा प्रश्न मागे राहतो. विदर्भासारख्या कोरडवाहू प्रदेशात मात्र हाच प्रश्न मूलभूत ठरतो. प्रस्तुत लेखात 'अनुदान' ही संज्ञा व्यापक अर्थाने घेऊन कर्जमाफी, निविष्ठांवरील सवलत व थेट साहाय्य या तीन प्रकारांच्या लाभार्थ्यांचे स्वरूप तपासले आहे.

१) क्षेत्रफळाचा निकष :
केंद्र शासनाने २००८ मध्ये जाहीर केलेल्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्णतः माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५ टक्के रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत देण्यात आली. काही निवडक जिल्ह्यांत ही सवलत किमान २० हजार रुपये होती. अल्प जमीन म्हणजे अल्प उत्पन्न, हे या निकषामागील गृहीत होय. परंतु यवतमाळ वा वाशीम जिल्ह्यातील सात एकर कोरडवाहू कापसाचे उत्पन्न पश्चिम महाराष्ट्रातील तीन एकर बागायती उसाच्या तुलनेत कमी व अनिश्चित असू शकते. अशा वेळी निकषाने दुर्बल ठरतो तो ऊस उत्पादक. महाराष्ट्र शासनाच्या २०१७ व २०१९ च्या योजनांत क्षेत्रफळाऐवजी अनुक्रमे दीड लाख व दोन लाख रुपयांची कर्जमर्यादा आली. तथापि, या योजना बँका व सहकारी संस्थांच्या कर्जापुरत्याच होत्या. संस्थात्मक कर्जच न मिळाल्याने सावकाराकडे गेलेला शेतकरी त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

२) वापराशी निगडित सवलती :
खतावरील अनुदान प्रत्येक गोणीमागे समान असते. म्हणून जो अधिक खत वापरतो, त्याच्या वाट्यास अधिक अनुदान जाते. आणि खताचा अधिक वापर ओलिताखालील शेतीतच परवडतो. विजेचेही तसेच आहे. राज्यात २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत वीज जाहीर झाली. ज्याच्याकडे विहीर व पंप आहे, त्यालाच ती उपयोगी पडते. निव्वळ पावसावर पेरणी करणाऱ्याचा या सवलतीशी संबंध येत नाही.

३) सातबाऱ्याची अट :
प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत (२०१९) शेतकरी कुटुंबास वार्षिक सहा हजार रुपये देण्याची तरतूद झाली. राज्याने २०२३ मध्ये त्यात तेवढीच भर घातली. दोन हेक्टरची मूळ मर्यादा २०१९ मध्येच उठली. परंतु जमीन नावावर असण्याची अट कायम राहिली. बटईने किंवा मक्त्याने शेती कसणारा पेरणीचा खर्च आणि नापिकीची जोखीम पत्करतो, पण साहाय्य मालकाच्या खात्यात जमा होते. कुळहक्क निर्माण होईल या भीतीने मालक लेखी करार टाळतो, त्यामुळे कसणाऱ्याजवळ पुरावाही नसतो. शेतात राबणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही. पतीच्या निधनानंतर वारसनोंद रखडल्यास विधवेस शेतकरी म्हणून ओळखच मिळत नाही.

समारोप :
वरील तिन्ही प्रकारांत अनुदान शेती करण्याच्या श्रमाकडे न जाता जमीन, पाणी व पत यांच्या मालकीकडे वळते. या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्यास तिन्ही वाटांनी लाभ होतो; ज्याच्याकडे एकही नाही, तो शेती करीत असूनही शासनदरबारी शेतकरी ठरत नाही. यास पर्याय नाही असे नव्हे. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कायद्याने खंडकरी शेतकऱ्यांना कर्जासाठी ओळखपत्र देण्याची सोय केली. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांचाही समावेश झाला. महाराष्ट्रात तर साधन हाताशीच आहे. सातबाऱ्यातील नमुना सात मालकी सांगतो, तर नमुना बारा पिकाची नोंद ठेवतो. २०२१ पासून ही नोंद ई-पीक पाहणीद्वारे होऊ लागली. तिच्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव मालकी हक्कास बाध न आणता नोंदविले गेले आणि साहाय्य त्या नोंदीशी जोडले गेले, तर अनुदान शेताच्या बांधापर्यंत पोहोचू शकेल. अन्यथा तरतूद वाढत जाईल, पण लाभार्थी तेच राहतील.