हनीनेट : चोरासाठी लावलेलं भजं

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये पळवले. आता आपल्या औंधमध्येही मोबाईलवर बँक आली. मग चोराची चाल आधी ओळखायची कशी?

उंदराच्या पिंजऱ्यात आपण भजं लावतो ना, तसंच 'हनीनेट'. क्लाउडवर भाड्याने खोटे संगणक उभे करतात. तिथे कुणाचंच काम नसतं, म्हणून येणारा प्रत्येक जण संशयित! त्याची प्रत्येक हालचाल नोंदली जाते. एका संगणकाला फायरवॉल, दुसरा उघडा. नोंदी ताडल्या की कुलूप किती पक्कं ते कळतं. मात्र तिथून बाहेरची वाट बंद हवी, नाहीतर चोर तिथूनच दुसऱ्यांवर हल्ला करील.

अशा नोंदींत '123456' हा पासवर्ड हमखास सापडतो. पालकहो, तुमचा कोणता आहे? आजच बदला.