सांडपाणी शुद्ध झाले, गाळाचे काय?

मुळा-मुठेच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा पाण्यापाशीच थांबते. पुण्यात ११ नवे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प उभारण्याची योजना जपानच्या अर्थसाह्याने २०१६ मध्ये मंजूर झाली. त्यांची एकत्रित क्षमता दररोज ३९६ दशलक्ष लिटर. मात्र अशा प्रत्येक प्रकल्पातून शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर गाळही बाहेर पडतो. पाण्यातील घाणीचा मोठा भाग या गाळातच उतरलेला असतो.

शुद्धीकरणाच्या प्रचलित पद्धतीत मैलापाण्यात हवा सोडून जिवाणू वाढविले जातात. ते सेंद्रिय घाण खातात आणि पुढे गाळ होऊन तळाशी बसतात. या गाळात ९८ टक्के वा त्याहूनही अधिक पाणी असते. त्यातील घन पदार्थांचे प्रमाण दोन टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेले, तर दहा टँकरचा गाळ जेमतेम एका टँकरइतका उरतो. वाहतूक आणि विल्हेवाटीच्या खर्चाचे गणित या पाण्यातच दडले आहे.

परंतु हे पाणी सहजासहजी सुटत नाही. ते जिवाणूंच्या पेशींत आणि त्यांच्याभोवतीच्या बुळबुळीत आवरणात अडकलेले असते. हवाबंद टाकीत गाळ कुजवून बायोगॅस मिळविता येतो; पण पेशींचे कवच फुटण्यास वेळ लागत असल्याने त्याला साधारण २० ते ३० दिवस द्यावे लागतात.

येथे रासायनिक ऑक्सिडीकरण उपयोगी पडते. ओझोन वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड गाळात मिसळल्यास आवरणे आणि पेशी फुटतात. पेरॉक्साईडला लोहाच्या क्षारांची जोड दिली की त्याची शक्ती अनेक पटींनी वाढते. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये वर्णन केलेल्या या अभिक्रियेला त्याचेच नाव मिळाले आहे. आवरणे फुटली की अडकलेले पाणी मोकळे होते, पेशींतील अन्नद्रव्ये बाहेर आल्याने कुजण्याची क्रिया वेग घेते आणि रोगजंतूही घटतात.

अर्थात, हा रामबाण उपाय नव्हे. ओझोनसाठी वीज बरीच लागते, तर फेंटन अभिक्रियेसाठी गाळ आधी आम्लयुक्त करावा लागतो. मात्रा अधिक झाली, तर ज्या द्रव्यांपासून मिथेन मिळायचा तीच जळून कार्बन डायऑक्साईड होतात. गाळातून सुटलेल्या पाण्यातील अमोनिया व फॉस्फरस पुन्हा शुद्धीकरणाच्या टाक्यांतच येतात. म्हणून माफक मात्रा आणि त्यानंतर जैविक पचन, हाच शहाणपणाचा क्रम ठरतो.

जड धातू मात्र कोणत्याही ऑक्सिडीकरणाने नष्ट होत नाहीत. गाळ खत म्हणून शेतात गेला, तर तेही मातीत जातात. त्यांना अटकाव करायचा तर कारखान्यांचे सांडपाणी गटारात मिसळण्यापूर्वीच करावा लागेल. गाळाची जबाबदारी प्रकल्पाच्या फाटकाशी संपत नाही आणि सुरूही तेथे होत नाही.